लायकाला परत आणायची सोयच नव्हती, तरी पाठवायला हवं होतं का?

मृण्मयी_स

लायका ही कुत्री ३ नोव्हेंबर १९५७ ला सोव्हिएत रशियाच्या स्पुतनिक-२ या यानातून गेली हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात 'अंतराळात जाणारा पहिला प्राणी' असं एका ओळीत उत्तर असायचं. तेही खरं म्हणजे अर्धवट, कारण तिच्या आधी फळमाशा, माकडं आणि कुत्रीसुद्धा रॉकेटमधून वर जाऊन आली होती. पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालणारी मात्र ती पहिली. पण त्या एका ओळीत हे कधीच नसायचं की त्या यानात तिला खाली आणायची सोयच केलेली नव्हती. म्हणजे पाठवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की ही काही परत येत नाही.

स्पुतनिक-१ गेला ४ ऑक्टोबरला. जगभर इतका गाजावाजा झाला की सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हना ऑक्टोबर क्रांतीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाला, म्हणजे ७ नोव्हेंबरला, अजून काहीतरी मोठं हवं होतं. खरं तर एका मोठ्या वैज्ञानिक उपग्रहाचं काम आधीपासून चालू होतं पण तो तयार नव्हता (तो पुढे मे १९५८ मध्ये स्पुतनिक-३ म्हणून गेला), म्हणून मग जेमतेम चार आठवड्यांत हे ५०८ किलोचं यान जुळवलं आणि त्यात कुत्री बसवली. सुखरूप उतरवण्याचं तंत्र तेव्हा हातात नव्हतं आणि ते येईपर्यंत थांबायची कुणाची तयारी नव्हती.

माझं मत स्पष्ट आहे, तिला पाठवायला नको होतं. प्राण्यांवरचे सगळेच प्रयोग बंद करा असं मी म्हणत नाहीये. फक्त लायकाबद्दल विचारतेय. तुम्हाला काय वाटतं?

इंद्रधनू

लायकाचा तो पट्ट्यांमध्ये बसलेला फोटो आजही बघवत नाही मला. वाचतेय.

सह्यकडा

मृण्मयीताई, भावना समजते पण असहमत.

१९५७ साली वजनरहित अवस्थेत सजीवाचं काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याआधीची सगळी उड्डाणं सरळ वर आणि सरळ खाली अशी होती, त्यात वजनरहित अवस्था मिळायची काही मिनिटं. डॉक्टरांमध्ये खरोखर वाद होते, हृदय नीट चालेल का, घास गिळता येईल का, प्राणी भान हरपेल का. लायकामुळे पहिल्यांदा कळलं की काही तास तरी शरीर हे सहन करतं. उड्डाणाआधी तिचे ठोके मिनिटाला १०३ होते, रॉकेट उडताना २४० झाले आणि मग हळूहळू परत खाली आले. ही माहिती पुढे गागारिनला वर पाठवताना कामाला आली. कुणीतरी पहिलं असणारच, आणि तो माणूस नव्हता हे बरंच झालं.

लोणचं_मुरलेलं

+१ सह्यकडा. भावनेच्या भरात विज्ञान होत नाही.

वैदेही_

सह्यकडा, ठोके 'हळूहळू' खाली आले म्हणजे किती हळू तेही सांगा की. जमिनीवर सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवल्यावर तिचे ठोके जितक्या वेळात पूर्ववत व्हायचे, त्याच्या तिप्पट वेळ वर लागला. इतकी घाबरलेली होती ती.

आणि ती तिथे किती वेळ जगली? रशियाने कित्येक वर्षं वेगवेगळं सांगितलं, काही दिवस जगली, वेदना न होता गेली, वगैरे. शेवटी २००२ मध्ये ह्यूस्टनच्या परिषदेत रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मालाशेन्कोव्ह यांनी मांडलं की ती पाच ते सात तासांत गेली, आतली उष्णता वाढून आणि भीतीने. यान रॉकेटच्या शेवटच्या भागापासून वेगळंच झालं नाही, तापमान आटोक्यात ठेवणारी यंत्रणा नीट चालली नाही आणि आत भट्टी झाली. अन्नपाणी आणि ऑक्सिजन सात दिवसांचा भरला होता!

चार आठवड्यांत बांधलेल्या यानात हे होणारच होतं. म्हणून मला मृण्मयीचा मुद्दा पटतो. घाई केली नसती तर निदान सात दिवसांची माहिती तरी मिळाली असती.

पाणवठा

मी औषध कंपनीत टॉक्सिकॉलॉजीत, म्हणजे औषधाचा विषारीपणा तपासायच्या विभागात, काम करतो, त्यामुळे या विषयावर मला थोडं सविस्तर लिहायचंय.

आमच्याकडे नवं औषध माणसाला द्यायच्या आधी उंदीर-घुशींवर आणि मग एका मोठ्या प्राण्यावर तपासावं लागतं, तो बऱ्याचदा बीगल जातीचा कुत्रा असतो. ते कुत्रे आमच्या हातावर वाढतात, आवाजाने आम्हाला ओळखतात. बाहेरच्यांना वाटतं या लोकांना काही वाटतच नाही. वाटतं. पण म्हणूनच नियम आहेत, नीतिसमितीपुढे प्रत्येक प्रयोगाचं कारण मांडावं लागतं, किती प्राणी, का, कमी प्राण्यांत होईल का, त्रास कमी कसा करणार, सगळं लेखी. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या २०१४ पासून बंदच आहेत, कारण लिपस्टिकसाठी जीव पणाला लावणं कुठल्याच समितीला पटवता येत नाही.

आता लायकाचा प्रस्ताव आमच्या समितीपुढे आला असता तर पहिला प्रश्न हा असता: याच तारखेला का? आणि त्याचं वैज्ञानिक उत्तर कुणाकडेच नव्हतं. ७ नोव्हेंबरचा मुहूर्त गाठायचा होता, बास. तीच माहिती सुखरूप उतरणाऱ्या यानातून, थोडं थांबून, मिळू शकली असती आणि मिळालीच की पुढे.

हे माझंच मत नाही, त्या कार्यक्रमातले एक प्रमुख शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनीच १९९८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की जसजसा काळ जातो तसतसं त्यांना जास्त वाईट वाटतं आणि त्या कुत्रीच्या जिवाची भरपाई होईल इतकं काही त्या उड्डाणातून शिकायला मिळालं नाही. कुत्र्यांना प्रशिक्षण देणारा माणूस हे म्हणतोय.

इंद्रधनू

पाणवठा, प्रतिसाद फार आवडला. तुमच्याकडच्या बीगलचं नंतर काय होतं हे विचारायचं धाडस होत नाहीये.

पाणवठा

विचारा की. प्रयोगानंतर ज्यांची तब्येत चांगली असते त्यांना घरं शोधून देण्याचे प्रयत्न होतात. सगळ्यांच्या नशिबी ते येत नाही. दत्तक घेतलेला बीगल सुरुवातीला गवतावर पाय ठेवायला घाबरतो, कारण त्याने ते कधी पाहिलेलंच नसतं. माझ्या एका सहकाऱ्याकडे आहे एक, आता सोफ्यावरून उठत नाही.

कोकणी_मेवा

सगळी चर्चा लायकाभोवतीच फिरतेय म्हणून जरा मागे जातो. खरी सुरुवात १९५१ ची. २२ जुलैला कापुस्तिन यार या रॉकेटतळावरून डेझिक आणि त्सिगान अशी दोन कुत्री आर-१ जातीच्या रॉकेटमधून साधारण १०० किलोमीटर वर गेली आणि पॅराशूटने जिवंत खाली आली. अंतराळाच्या सीमेपर्यंत जाऊन परतलेली ही पहिली कुत्री. आठवडाभरातच डेझिकला परत पाठवलं, सोबत लिसा नावाची कुत्री होती. यावेळी पॅराशूट उघडलं नाही आणि दोघंही गेली. त्यानंतर त्सिगानला पुन्हा उडवलं नाही, विज्ञान अकादमीचे सदस्य ब्लागोनरावोव्ह यांनी त्याला सरळ घरी नेलं.

आणि एक मजेदार किस्सा. त्याच सप्टेंबरमध्ये उड्डाणाच्या तोंडावर बोबिक नावाचा कुत्रा पळून गेला. आता ऐनवेळी काय करणार, तर तिथल्याच आसपास हिंडणारं एक कुत्रं धरून आणलं आणि कुठलंही प्रशिक्षण न देता रॉकेटमध्ये बसवलं. नाव ठेवलं झिब, म्हणजे रशियन भाषेत 'गायब झालेल्या बोबिकची बदली' याची आद्याक्षरं. तो मजेत जाऊन आला!

लोणचं_मुरलेलं

बोबिक हुशार निघाला :)

मधुरा_के

झिबचा किस्सा माहीत नव्हता, मस्त. जाता जाता, भटकी कुत्रीच का निवडायचे? पाळीव, शिकवलेली कुत्री जास्त सोपी नाहीत का?

कोकणी_मेवा

मॉस्कोच्या थंडीत रस्त्यावर जगलेलं कुत्रं उपाशी राहू शकतं, थंडी सोसतं, आजारी कमी पडतं, हा त्यांचा हिशोब. वजन साधारण सहा किलोच्या आत, उंचीने बुटकं, कारण केबिनच एवढीशी. रंग फिकट हवा म्हणजे कॅमेऱ्यात नीट दिसेल, त्या काळचं चित्र किती धूसर यायचं ते फोटोंत दिसतंच. आणि सुरुवातीला कक्षेत जायला माद्याच निवडल्या, कारण मलमूत्र गोळा करायचं साधन मादीला बसवणं सोपं होतं, नराला पाय वर करायला तिथे जागा कुठे.

प्रशिक्षण वाचलं तर मात्र हसू मावळतं. दर काही दिवसांनी आधीपेक्षा लहान पिंजऱ्यात ठेवायचं, असं करत करत वीस दिवसांपर्यंत. सुरुवातीला त्या शी-शू करणंच बंद करायच्या. शिवाय थरथरणारा टेबल, सेंट्रिफ्यूज, अंगावर पट्टे. खाणं जेलीसारखं, कारण वजन नसताना पाणी वाटीत राहणार नाही. लायकालाही हे सगळं करून मग उड्डाणाच्या तीन दिवस आधी, ३१ ऑक्टोबरला, यानात बसवून ठेवलं होतं. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून गरम हवेची नळी जोडून ठेवावी लागली.

भटक्या_७

भटक्या कुत्र्यांवरून आठवलं, आमच्या सोसायटीत सध्या यावरूनच रणकंदन चालू आहे, एक गट खायला घालतो आणि दुसरा गट

लोणचं_मुरलेलं

भटक्या भाऊ, तो विषय इथे काढलात तर हा धागा पाचशे प्रतिसादांवर जाईल आणि लायका बाजूलाच राहील. वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

वैदेही_

कोकणी_मेवा, लायकाबद्दल एक गोष्ट राहिली. उड्डाणाआधी या कार्यक्रमातले डॉ. यझ्दोव्स्की तिला एकदा स्वतःच्या घरी घेऊन गेले, मुलांशी खेळायला. तिच्याकडे आता फार थोडे दिवस उरलेत हे त्यांना माहीत होतं, तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावंसं वाटलं असं त्यांनी पुढे लिहिलंय. राक्षस नव्हते हो हे लोक. म्हणूनच जास्त त्रास होतो वाचताना.

कातळशिल्प

मुलगी रशियात एमबीबीएसला होती तेव्हा आम्ही दोघं मॉस्कोला जाऊन आलो. तिथल्या अंतराळ संग्रहालयात बेल्का आणि स्त्रेल्का काचेच्या पेटीत ठेवल्यात, पेंढा भरून. मी बराच वेळ तिथेच उभी होते. पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे त्या किती लहान आहेत, आपल्या गल्लीतलं सात-आठ महिन्यांचं पिल्लू असतं ना तेवढ्याच. एक जवळजवळ पांढरी, दुसरीच्या अंगावर गडद ठिपके. शेजारी त्यांचा डबा ठेवलाय, त्यात दोघी कशा मावल्या असतील असं वाटतं. शाळेची मुलं रांगेने येत होती आणि सगळ्यांची नाकं त्या काचेला चिकटलेली.

या दोघी १९ ऑगस्ट १९६० ला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप परत आल्या, सोबत ससा, उंदीर, माशा, रोपं असा सगळा गोतावळा. कक्षेत जाऊन जिवंत परतलेल्या पहिल्या कुत्र्या याच. स्त्रेल्काला नंतर सहा पिल्लं झाली, त्यातली पुशिंका ख्रुश्चेव्हनी १९६१ मध्ये केनेडींच्या घरी भेट म्हणून पाठवली. आधी तिच्या अंगात काही छुपं यंत्र तर नाही ना हे तपासलं म्हणे अमेरिकनांनी! मग पुशिंकाचं केनेडींच्या चार्ली नावाच्या कुत्र्याशी सूत जुळलं आणि व्हाइट हाउसात चार पिल्लं झाली.

मधुरा_के

शीतयुद्धातलं एकमेव यशस्वी लग्न :)

सह्यकडा

कातळशिल्प, छान लिहिलंय. आता बेल्काचाच दाखला देतो. चौथ्या प्रदक्षिणेच्या वेळी बेल्का अस्वस्थ होऊन धडपडायला लागली, तिला ओकारी झाली. हे टीव्ही कॅमेऱ्यातून दिसलं आणि त्यावरून ठरलं की पहिल्या माणसाला एकच प्रदक्षिणा घालू द्यायची. गागारिन १०८ मिनिटांत परत आला त्यामागे हे कारण आहे. आणि त्यानंतर ऑगस्ट १९६१ मध्ये दुसरा रशियन अंतराळवीर तितोव्ह सतरा प्रदक्षिणा घालायला गेला तेव्हा त्याला खरोखरच मळमळ आणि ओकाऱ्यांचा त्रास झाला. म्हणजे कुत्रीने जे आधी दाखवलं ते माणसाच्या बाबतीत तंतोतंत खरं ठरलं. याला उपयोग नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पाणवठा

सह्यकडा, बेल्काच्या बाबतीत १००% सहमत. पण बेल्का परत आली. उतरल्यावर तिला तपासता आलं, रक्त घेता आलं, पुढे महिनोन्‌महिने लक्ष ठेवता आलं. जिवंत परत आलेला प्राणी मेलेल्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो. तुमचा दाखला माझ्या बाजूने जातोय.

सह्यकडा

तसं असेल तर २२ दिवस अंतराळात राहिलेल्या वेतेरोक आणि उगोल्योक या कुत्र्यांबद्दल बोलू. फेब्रुवारी १९६६, यान कॉसमॉस-११०. मुद्दाम अशा कक्षेत पाठवलं की पृथ्वीभोवतीच्या किरणोत्साराच्या पट्ट्यातून जावं लागेल. परत आले तेव्हा उभंही राहता येईना, स्नायू झिजलेले, अंगातलं पाणी कमी झालेलं. कुत्र्यांच्या बाबतीत तो विक्रम आजही तसाच आहे. दीर्घ मुक्कामात हाडं-स्नायू झिजतात हे तिथे लख्ख दिसलं आणि आज अंतराळ स्थानकावर रोज तासन्‌तास व्यायाम करायला लावतात त्याची पाळंमुळं अशा उड्डाणांत आहेत. हे दोघं परत आले, पण त्रास कमी झाला का? नाही. म्हणजे 'परत आले की ठीक' हा निकष पुरा पडत नाही.

मृण्मयी_स

सह्यकडा, हा मुद्दा खरंच विचार करायला लावणारा आहे. परत येणं हा एकमेव निकष मीही मानत नाही. पण वेतेरोक-उगोल्योकला कशासाठी पाठवतोय याचं उत्तर विज्ञानात होतं. लायकाच्या तारखेचं उत्तर कॅलेंडरात होतं.

इंद्रधनू

कुणीतरी आनंदी शेवट असलेलं काही सांगा आता, प्लीज.

कोकणी_मेवा

घ्या. दामका आणि क्रासावका, २२ डिसेंबर १९६०. यातला एकेक टप्पा ऐका. रॉकेटचा वरचा टप्पा बिघडला, यान कक्षेत पोचलंच नाही आणि सायबेरियात तुंगुस्काच्या बाजूला बर्फात जाऊन पडलं. ठरलं असं होतं की उतरताना कुत्र्यांचा डबा यानातून बाहेर फेकला जाईल, तो फेकला गेलाच नाही. ही बिघाडाचीच कृपा, कारण यानाच्या आत राहिल्यामुळे त्या थंडीपासून वाचल्या. बाहेर तापमान उणे चाळीसच्या आसपास. त्यात यानात बॉम्ब बसवलेला, साठ तासांत कुणी पोचलं नाही तर आपोआप उडवायचा. तो उडाला नाही, त्याची केबल जळून गेली होती.

शोधपथक पोचलं तेव्हा खिडकीवर बर्फाचा थर, आतून काही हालचाल नाही. सगळ्यांना वाटलं संपलं. पुढे बॉम्ब निकामी करून यान उघडायचं काम चालू असताना आतून भुंकल्याचा आवाज आला! दोघींना मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळून विमानाने मॉस्कोला नेलं. सोबतचे उंदीर मात्र गारठून गेले होते.

आणि क्रासावकाला घरी कुणी नेलं? मगाशी पाणवठा यांनी ज्यांचा उल्लेख केला त्याच गाझेन्कोंनी. त्यांच्याकडे ती पुढे चौदा वर्षं राहिली, तिला पिल्लंही झाली.

इंद्रधनू

डोळ्यांत पाणी आलं. धन्यवाद!!

वैदेही_

थांबा, यानात बॉम्ब? कुत्री आत असताना? तो कशासाठी?

कोकणी_मेवा

यान परदेशात उतरलं तर ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून. त्याच महिन्यात, १ डिसेंबरला, प्च्योल्का आणि मुश्का गेल्या होत्या. दिवसभर कक्षेत नीट राहिल्या. परतताना यान ठरलेल्या मार्गावरून भरकटलं आणि त्या यंत्रणेने ते दोघींसकट उडवून टाकलं.

लोणचं_मुरलेलं

हे माहीत नव्हतं. मी वर '+१' दिलं होतं ते विज्ञानासाठी होतं, याला नाही.

पाणवठा

आता मृण्मयीताईंच्या प्रश्नाला अजून एक टोक फुटलं. प्च्योल्का-मुश्काला परतीची सोय होती. उष्णतारोधक कवच, पॅराशूट, सगळं होतं. तरी मारल्या गेल्या, तेही गुपित राखण्यासाठी. मग लायका आणि या दोघी यांच्यात फरक काय करायचा?

मृण्मयी_स

मला तरी फारसा दिसत नाही. एकीला वर्धापनदिनासाठी पाठवलं, दोघींना गुपितासाठी उडवलं. दोन्ही वेळेला यान बांधणाऱ्यांचं कौशल्य अफाट होतं, डॉक्टर जीव लावणारे होते. पण निर्णय भलत्याच टेबलावर झाले. डेझिकचं पॅराशूट उघडलं नाही तो अपघात, जुलै १९६० मध्ये चायका आणि लिसिच्काचं रॉकेट फुटलं तोही अपघात. त्याचं वाईट वाटतं पण राग येत नाही. लायकाच्या बाबतीत मला राग येतो.

सह्यकडा

एवढं वाचून मीही म्हणेन की तारखेचं समर्थन करता येत नाही. पण कुणीतरी, कधीतरी, पहिल्यांदा कक्षेत जायला हवं होतं आणि ते जनावरच असणार होतं यावर मी ठाम आहे. आज गगनयानच्या मानवरहित उड्डाणासाठी आपली इस्रो व्योममित्र हा मानवसदृश रोबो तयार करू शकली, कारण माणसाचं शरीर वर काय करतं हे साठ वर्षांत कळलंय. ते कळवणाऱ्यांत ही कुत्री होती.

मधुरा_के

यावर कुणाचंच दुमत नसावं सह्यकडा.

अवांतर: आमच्या आजोळी एक लायका होती. आजोबांनी पेपरात बातमी वाचून नाव ठेवलं होतं, त्यानंतर घरात येणारी प्रत्येक कुत्री लायकाच. आमच्या तालुक्यात अजून दोन-तीन घरी होत्या. अजून कुणाकडे होत्या का?

भटक्या_७

आमच्या वाड्यात होती. काळी कुळकुळीत आणि रॉकेट सोडा, दिवाळीच्या लवंगी फटाक्यालाही पलंगाखाली.

कातळशिल्प

माझ्या सासरी होती, निफाडला.

कुणी मॉस्कोला जाणार असेल तर सांगून ठेवते, लायकाचं स्मारक आणि संग्रहालय या दोन वेगळ्या जागा आहेत, आमची गल्लत झाली होती. संग्रहालय वेदेएनखा मेट्रोजवळ, त्या उंच टायटॅनियमच्या स्तंभाच्या पायथ्याशी. लायकाचं स्मारक एप्रिल २००८ मध्ये उभारलं, ते जिथे कुत्र्यांवर काम चालायचं त्या लष्करी वैद्यकीय संस्थेजवळ आहे, तिथे दिनामो स्टेशनवरून चालत जाता येतं. रॉकेटचाच वर तळहात होतो आणि त्यावर ती उभी आहे, फार मोठं नाही, पत्ता लिहून न्या.

वैदेही_

वाचनखूण साठवली. पुढच्या वर्षी बेत आहे, तेव्हा तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते ताई.